भीतीचे घड्याळ: संकटात शरीर काय करते आणि कोणत्या वेळी आपण काय करावे

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी वडोदऱ्यात शिरले, त्या रात्री आमच्या समा भागातल्या इमारतीच्या जिन्यात शेजारच्या काकू आपल्या दाराला कुलूप लावत होत्या. वीज गेलेली होती, पाणी तिसऱ्या पायरीला लागले होते आणि माझ्या हातातल्या टॉर्चच्या उजेडात मला त्यांच्या किल्लीचे टोक कुलपाच्या भोकाभोवती थरथरत फिरताना दिसत होते. तीस वर्षे रोज लावलेले ते कुलूप, पण किल्ली काही केल्या आत जाईना. त्याच हातांनी त्यांनी पाचच मिनिटांपूर्वी वीस किलो गव्हाची गोणी एकटीने पहिल्या मजल्यावर चढवली होती. "अगं, माझे हात असे काय करतायत?" असे त्यांनी विचारले, तेव्हा तोंडाला इतकी कोरड पडली होती की त्यांचे शब्द टाळूला चिकटत होते.

काकूंच्या हातांचे काहीही बिघडलेले नव्हते. गोणी उचलण्यासाठी लागणाऱ्या मांड्या, पाठ आणि दंड यांच्या मोठ्या स्नायूंकडे शरीराने सगळी रसद वळवली होती आणि बोटांचे नाजूक काम तूर्त वाऱ्यावर सोडले होते. मी गेली बावीस वर्षे परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते, आणि ही सारी साखळी फळ्यावर शेकडो वेळा काढलेली आहे. तरी त्या रात्री जिन्यात जे पाहिले त्यामुळे एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. भीतीला स्वतःचे घड्याळ असते. पहिल्या काही सेकंदांत शरीर जे करते ते अर्ध्या तासाने करत नाही, आणि अर्ध्या तासाने जे करते ते दुसऱ्या आठवड्यात करत नाही. म्हणून उपायही वेळ पाहूनच करावा लागतो. आपल्याकडे तो बहुधा अवेळी होतो: थरथरणाऱ्या माणसाला पहिल्याच मिनिटाला "शांत हो" म्हणून सांगतात, आणि तीन आठवडे धड झोप न लागलेल्याला "आता पाणी ओसरलं ना" म्हणून सोडून देतात. पुढचे सारे त्या घड्याळाच्याच क्रमाने लिहिले आहे.

आधी घड्याळाची दोन चक्रे

धोक्याची चाहूल लागली की मेंदूच्या आत खोलवर असलेला, बदामाच्या आकाराचा अमिग्डला हा भाग आपल्याला नीट कळण्याच्या आधीच इशारा देतो. तो इशारा मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकाकडे (हायपोथॅलॅमसकडे) जातो आणि तिथून शरीराला धोक्यासाठी सज्ज करणाऱ्या अनुकंपी मज्जासंस्थेच्या तंतूंमार्गे हृदय, फुप्फुसे, त्वचा, आतडी यांच्याकडे थेट पोचतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या, प्रत्येकी जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या अधिवृक्क ग्रंथी त्याच वेळी रक्तात ॲड्रिनलिन हे संप्रेरक सोडतात. हृदय वेगाने आणि जोराने चालू लागते, श्वासनलिका रुंदावतात, बाहुल्या मोठ्या होतात आणि यकृतात साठवलेली साखर रक्तात उतरते. हे सेकंदांचे चक्र. रक्तातले ॲड्रिनलिन दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येते. त्यामुळे नवा इशारा मिळाला नाही, तर ही लाट लवकर ओसरते.

दुसरे चक्र सावकाश फिरते. अधश्चेतक मेंदूखालच्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीला संदेश देतो, पीयूषिका अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थराला, आणि तिथून कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक स्रवते. त्याची पातळी प्रसंग सुरू झाल्यापासून साधारण वीस ते तीस मिनिटांनी सर्वाधिक होते. लांबणाऱ्या संकटासाठी इंधन पुरवत राहणे हे त्याचे काम आहे, आणि पुरेसे झाले की ते स्वतःच मेंदूला "आता थांबव" असा निरोप देते. पाणी ओसरल्यावर, मूल सुखरूप सापडल्यावर किंवा अपघात टळून घरी पोचल्यावर माणूस अर्ध्या-पाऊण तासाने जास्त चिडचिडा किंवा सुन्न होतो, त्यामागे या उशिराच्या लाटेचाही हात असतो. घरच्यांना हे ठाऊक नसले की "आता काय झालं हिला, सगळं तर निभावलं" असे उद्गार निघतात आणि त्या माणसाला उगाच अपराधी वाटते.

हे ज्ञान फार जुने नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन विद्यार्थीदशेत क्ष-किरणांनी मांजरांच्या पचनाचा अभ्यास करत होते. मांजर बिथरले की तिच्या जठराची हालचाल पूर्ण थांबते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातूनच पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी 'लढा किंवा पळा' ही कल्पना मांडली. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की थंडी, विष, जखम असे त्रास वेगवेगळे असले तरी ते लांबले की शरीरात होणारे बदल सारखेच असतात: अधिवृक्क ग्रंथी सुजतात, प्रतिकारशक्तीशी संबंधित इंद्रिये आक्रसतात आणि जठरात व्रण पडतात. कॅनन यांचे काम पहिल्या मिनिटाविषयीचे आणि सेल्ये यांचे पुढच्या आठवड्यांविषयीचे. दोन्ही लक्षात ठेवले तर कोणत्या वेळी काय करायचे हे चुकत नाही.

पहिली पायरी: आपली खूण ओळखून ठेवणे

हे काम संकट येण्याआधी, घरात निवांत बसून करायचे आहे. या बाबतीत आपली भाषा कमालीची समृद्ध आहे, असे मला शिकवताना नेहमी जाणवते. मुली साखळी पाठ करताना अडखळल्या की मी त्यांना मराठी वाक्प्रचार लिहायला लावते. तोंडाला कोरड पडणे म्हणजे लाळग्रंथींचा पाझर आटणे. पोटात गोळा येणे म्हणजे आतड्यांकडचे रक्त स्नायूंकडे वळणे आणि जठराची हालचाल थबकणे, जे कॅनन यांनी मांजरात पाहिले. अंगावर काटा येणे म्हणजे प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला इवलासा स्नायू आखडणे. पांढरेफटक पडणे म्हणजे त्वचेतल्या रक्तवाहिन्या अरुंद होणे, जेणेकरून जखम झाली तर रक्त कमी वाहावे. छातीत धस्स होणे, दरदरून घाम फुटणे, दातखिळी बसणे, बोबडी वळणे यांपैकी एकही शब्द अतिशयोक्तीचा नाही; प्रत्येकाखाली एक खरा स्नायू किंवा खरी ग्रंथी आहे.

प्रत्येकाच्या शरीरात या खुणा एकाच क्रमाने उमटत नाहीत. एखाद्याचे पोट आधी बोलते, एखाद्याचे खांदे कानांपर्यंत चढतात, एखाद्याचा आवाज पातळ होतो. गेल्या वर्षभरात खरोखर घाबरल्याचे दोन-तीन प्रसंग आठवावेत, त्यात शरीराने सर्वात आधी काय केले ते कागदावर लिहावे आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही विचारावे, कारण आपली खूण पुष्कळदा दुसऱ्यालाच आधी दिसते. माझी खूण जबड्यात आहे: दाढा एकमेकींवर घट्ट बसतात. हे मला माझ्या मुलाने सांगितले. तेव्हापासून दाढा आवळल्या गेल्या की घड्याळ सुरू झाले आहे हे मला कळते, आणि तेवढ्या कळण्यानेही काही क्षण हाताशी येतात.

याच वेळी दुसरी एक तयारी करून ठेवावी. तीव्र भीतीत मेंदूच्या पुढच्या भागाचे, म्हणजे तुलना करणाऱ्या आणि बेत आखणाऱ्या भागाचे, काम मंदावते. नवे काही सुचत नाही, पण आधी हाताला वळण लागलेले काम होते. म्हणून जे करायचे ते आधीच ठरलेले असावे. पावसाळ्याआधी एका पिशवीत औषधे, कागदपत्रे, टॉर्च आणि शिट्टी ठेवावी. किल्लीला जाड दोरी बांधावी म्हणजे थरथरत्या मुठीतही ती धरता येते. कोणी कोणाचा हात धरून कुठे जायचे हे मुलांसह एकदा प्रत्यक्ष चालून पाहावे. आजवा जलाशयाची पातळी आणि काला घोडा पुलापाशी विश्वामित्रीची पंचवीस फुटांची धोक्याची रेषा हे आकडे वडोदरेकरांच्या तोंडी असतात. कितव्या फुटाला घर सोडायचे हे मात्र फार थोड्या घरांत ठरलेले असते. हा निर्णय कोरड्या दिवशी घ्यावा, कारण पाण्यात उभे राहून निर्णय घेणारा मेंदू तुमचा नेहमीचा मेंदू नसतो.

दुसरी पायरी: पहिली काही सेकंदे

लढणे आणि पळणे यांच्याही आधी बहुतेक जण थिजतात. त्या पुरात पहाटे आमच्या आवारात गुडघाभर पाणी होते, आणि तळमजल्यावरच्या बिऱ्हाडातला तरुण पुतण्या स्कूटर ओढून काढायला उतरला होता. स्कूटरच्या पायदानापासून हातभर अंतरावर पाण्यावर दोन काळसर उंचवटे आणि त्यांच्या पुढे एक खडबडीत नाकाडे होते. विश्वामित्रीत मगरी राहतात हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या पुरात वनखात्याने वस्त्यांमधून अनेक मगरी पकडून नेल्या. पण माहीत असणे वेगळे आणि हातभर अंतरावर तिचा डोळा दिसणे वेगळे. तो मुलगा हँडल धरून पुतळ्यासारखा उभा राहिला. पुढे तो म्हणाला की त्याला सगळे ऐकू येत होते, पण पाय आपले वाटत नव्हते.

थिजणे हा भित्रेपणा नाही. या अवस्थेत हृदयाचा वेग क्षणभर कमी होतो, स्नायू ताठ होतात आणि डोळे-कान सर्व शक्ती एकवटून माहिती गोळा करतात. हालचाल टिपणाऱ्या शिकाऱ्यासमोर निश्चल राहण्याने पुष्कळ प्राणी वाचतात. अडचण होते ती ही अवस्था सुटत नाही तेव्हा. समोरचा माणूस असा थिजला असेल तर त्याला कारणे सांगू नयेत आणि प्रश्न विचारू नयेत. त्याचे नाव मोठ्याने आणि स्पष्ट घ्यावे, आणि दोन-तीन शब्दांत एकच हालचाल सांगावी. मी त्या मुलाचे नाव घेऊन "मागे ये. जिना चढ." एवढेच म्हटले, दोनदा म्हटले, आणि त्याचे पाय सुटले. "अरे, मगर आहे, दिसत नाही का, वर ये ना लवकर" असे वाक्य त्या क्षणी फार लांब ठरते.

आपण स्वतः थिजलो असल्याचे जाणवले तर शरीराचा सर्वात छोटा भाग हलवावा: पायाची बोटे बुटात आवळून सोडावीत, किंवा जीभ टाळूवर दाबावी. एक स्नायू आज्ञा पाळतो हे कळले की बाकीचेही पाळू लागतात. धोका खरा आणि समोर असेल तर या टप्प्यावर मन शांत करण्याच्या नादी लागूच नये. तिथून दूर जावे. ॲड्रिनलिन त्यासाठीच दिलेले आहे, त्याचा उपयोग होऊ द्यावा. या मिनिटात वेदनाही दबलेली असते, म्हणून सुरक्षित जागी पोचल्यावर स्वतःचे आणि मुलांचे हातपाय डोळ्यांनी तपासावेत. "दुखत नाही" या शब्दांवर विसंबू नये.

तिसरी पायरी: श्वास, आणि तोही योग्य रीतीने

सुरक्षित जागी पोचलो, निदान दार बंद झाले, की श्वासाची वेळ येते. याविषयी अर्धवट सल्ले फार फिरतात, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

हृदयाचे ठोके, पचन, घाम यांवर आपला थेट ताबा नाही. श्वास मात्र आपोआप चालतो आणि आपल्या इच्छेनेही चालवता येतो, त्यामुळे त्या बंद खोलीची किल्ली आपल्या हाती असलेली ती एकच जागा आहे. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदय किंचित वेगाने चालते आणि बाहेर सोडतो तेव्हा किंचित सावकाश, कारण उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस ही, शरीराला शांत करणाऱ्या परानुकंपी मज्जासंस्थेची मोठी नस हृदयाला लगाम घालते. हे प्रत्यक्ष अनुभवता येते. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून नाडी शोधावी आणि सावकाश श्वास घ्यावा-सोडावा. पुष्कळांना, विशेषतः तरुणांना, सोडताना ठोक्यांमधले अंतर वाढल्याचे स्पष्ट जाणवते. वर्गात मी दरवर्षी हे करून घेते, आणि फळ्यावरच्या आकृतीने न पटलेले त्या दोन बोटांनी पटते.

कृती अशी. पाठ टेकून बसावे आणि पाय जमिनीवर पूर्ण टेकवावेत. आधी श्वास बाहेर सोडावा. सुरुवात घेण्याने करू नये, कारण घाबरलेल्या माणसाची छाती आधीच हवेने फुगलेली असते. मग नाकाने, मनात चार अंक मोजत, पोट हलके पुढे येईल असा श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत, गरम दुधावर फुंकर घालावी तसा अर्धवट मिटलेल्या ओठांतून सोडावा. घेण्या-सोडण्याला मिळून सुमारे दहा सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. असे निदान पाच मिनिटे करावे. पहिल्या मिनिटाला काहीच फरक पडत नाही असे वाटते आणि तिथेच बहुतेक जण सोडून देतात. तेवढे मोजण्याइतकाही धीर नसेल, तर एक श्वास घेऊन त्यावर आणखी एक छोटा घोट हवेचा घ्यावा आणि लांब सुस्कारा सोडावा. असे तीन सुस्कारे टाकून मग मोजायला लागावे.

"खोल श्वास घे, खोल श्वास घे" असे ओरडत राहणे हा मात्र घातक उपदेश आहे. घाबरलेला माणूस तो ऐकून भराभर खोल श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, आणि मग चक्कर, ओठांभोवती व बोटांत मुंग्या, कधी बोटे आत वळून आखडणे, असा प्रकार होतो. त्याला वाटते आपल्याला झटका आला. भीती वाढते, श्वास आणखी वाढतो. अशा वेळी "हळू सोड" एवढेच सांगावे आणि त्याच्यासमोर बसून आपण स्वतः सावकाश श्वास सोडून दाखवावा. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय करू नये, कारण त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर तो जिवावर बेतू शकतो. ज्यांना प्राणायामाची सवय आहे त्यांनीही या वेळी कुंभक करू नये, भस्त्रिका तर नकोच. निव्वळ लांब उच्छ्वास पुरेसा आहे.

आणि हे रोज, काही झालेले नसताना, पाच मिनिटे करत राहावे. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर पाणी वेळेवर मिळत नाही.

येथे दोन अपवाद ध्यानात ठेवायचे आहेत. रक्त किंवा सुई पाहून काहींचे हातपाय गळतात. त्यांच्या शरीरात आधी रक्तदाब वाढून मग नाडी आणि रक्तदाब दोन्ही एकदम उतरतात. त्यांना शिथिल होण्याचा सल्ला उलटा पडतो. त्यांनी दंड, मांड्या आणि पोट दहा-पंधरा सेकंद आवळून धरावे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडावे आणि असे चार-पाच वेळा करावे. भोवळ आलीच तर आडवे होऊन पाय उंच ठेवावेत. दुसरा अपवाद छातीच्या दुखण्याचा. भीतीचा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला पोचून उतरू लागतो, पण घरी बसून "ही नुसती घाबरगुंडी आहे" असा निवाडा करणे धोक्याचे असते. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटणे, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, गार घाम, धाप, यांपैकी काहीही असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेही व्यक्तींत आणि बायकांत ही लक्षणे पुसट असू शकतात. शिवाय मोठ्या धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा फुगून दुबळा होण्याचा, जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास प्रथम वर्णन केलेला आणि मुख्यतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत आढळणारा एक आजारही आहे. आमच्या आज्या "धसक्याने गेली" म्हणत असत ते अगदीच निराधार नव्हते.

चौथी पायरी: रक्तात उतरलेली साखर खर्च करणे

धोका टळल्यानंतरच्या अर्ध्या तासात हातपाय थरथरतात, रडू किंवा हसू येते, लघवीला वारंवार लागते. थरथर होऊ द्यावी. पळण्यासाठी तयार केलेले इंधन स्नायूंत आणि रक्तात पडून असते, आणि माणूस खुर्चीत बसून राहिला तर त्याचा निचरा लवकर होत नाही. म्हणून पाच मिनिटे श्वास झाला की उठून हालचाल करावी: जिना दोन वेळा चढावा-उतरावा, ओले कपडे पिळावेत, चिखल ओढावा, भांडी घासावीत. घरातल्या ज्या माणसाला आपण "तू बस, तू काही करू नकोस" म्हणून कोपऱ्यात बसवतो, त्याचे हाल सर्वांत जास्त होतात. काकूंना त्या रात्री मी वरच्या मजल्यावरच्या मुलांसाठी दूध तापवायला सांगितले. गॅसपाशी उभ्या राहून, पातेल्यावर साय धरू लागली ती डावाने सारत सारत त्यांचे हात हळूहळू थांबले.

परीक्षा, मुलाखत, वरिष्ठांचे बोलणे अशा प्रसंगांत तर पळायला जागाच नसते. शरीराला मगर आणि वरिष्ठ यांतला फरक कळत नाही, ते दोघांसाठीही रक्तात साखर सोडते. म्हणून अशा दिवशी घरी जाताना रिक्षा दोन थांबे आधी सोडून चालत जाणे, किंवा संध्याकाळी कमाटी बागेला भरभर एक फेरी मारणे, हा औषधाइतका खरा उपाय आहे. मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र अशा दिवशी साखर आणि दाब तपासावा. दोन्ही वाढलेले असणे अपेक्षित आहे. घाबरून गोळी स्वतःच्या मनाने दुप्पट करू नये, आणि धावपळीत रोजची गोळी चुकवूही नये.

पाचवी पायरी: पहिली रात्र

पचन थबकलेले असल्यामुळे जड जेवण पोटात दगडासारखे पडून राहते. मऊ भात-वरण, खिचडी, ताक असे थोडे थोडे घ्यावे आणि पाणी पीत राहावे. चहाचा एक कप धीर देतो, पण त्यातल्या कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात, म्हणून रात्री जागून कपामागून कप घेऊ नयेत. मोबाइलवर पाण्याची दृश्ये पुन्हा पुन्हा पाहण्यानेही इशारा नव्याने सुटतो आणि लाट ओसरत नाही. बातमी एका माणसाने, ठरावीक वेळाने पाहावी आणि इतरांना तोंडी सांगावी.

भोगलेला प्रसंग त्याच रात्री सविस्तर बोलून मोकळे करावे, असा एक समज आहे. ज्याला बोलायचे आहे त्याला अवश्य बोलू द्यावे, पण ज्याला बोलायचे नाही त्याच्याकडून वदवून घेऊ नये. जबरदस्तीने उजळणी करून घेतल्याने फायदा होत नाही, काहींना अपायच होतो. जवळ बसणे, कोरडे कपडे देणे, नातलगांशी फोन जोडून देणे याला त्या रात्री जास्त मोल आहे. झोप लागली नाही तर कोणाच्या तरी डब्यातली झोपेची गोळी घेऊ नये. अशा आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या वर्गातली औषधे भीतीवर उपाय म्हणून देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही २०१३ पासूनचे मार्गदर्शन आहे. एक-दोन रात्री झोप न येणे हे पहारा देणाऱ्या शरीराचे स्वाभाविक वागणे आहे. अंधारात डोळे मिटून, उच्छ्वास मोजत पडून राहिले तरी त्या रात्रीपुरते पुरते.

लहान मुले बोलून दाखवत नाहीत. ती अंथरूण ओले करतात, आईचा पदर सोडत नाहीत, किंवा पाण्याचा खेळ पुन्हा पुन्हा खेळतात. तो खेळ थांबवू नये. त्यांची जेवणाची आणि झोपण्याची वेळ, रोजची गोष्ट, रोजची उशी एवढे जपले तर बहुतेक मुले काही आठवड्यांत पूर्ववत होतात.

सहावी पायरी: पुढचे आठवडे

सेल्ये यांच्या उंदरांकडे आता वळायचे. इशारा वाजतच राहिला की कॉर्टिसॉलचा "थांबव" हा निरोप मेंदू नीट ऐकेनासा होतो. एरवी कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखरावर असते आणि रात्री तळाला जाते. लांबलेल्या ताणात हा चढउतार बिघडू शकतो, आणि मग रात्री टक्क जाग, सकाळी अंग जड, वारंवार सर्दी-पडसे, पित्त, वाढलेला दाब, विसरभोळेपणा असे त्रास एकेकटे येतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध कोणाला लागत नाही. पूर आठ दिवसांत ओसरतो, पण विमा, भिजलेली गादी, दुकानाचे हप्ते आणि घरातली कुरबूर हे मिळून तोच इशारा पुढे सहा महिने वाजवत ठेवतात.

या टप्प्यावर सर्वांत आधी उठण्याची वेळ पक्की करावी. झोपण्याची वेळ आपल्या हाती नसते, उठण्याची असते. आणि उठल्यावर गच्चीत किंवा गॅलरीत पंधरा-वीस मिनिटे उजेडात बसावे, कारण शरीराचे घड्याळ उजेडाने लागते. त्यानंतर नंबर व्यायामाचा. जुम्मादादा व्यायाम मंदिरासारखी परंपरा असलेल्या या शहरात तरुणांना हे निराळे सांगायला नको. वयस्कर माणसांनी रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या गतीने चालावे. आणि दिवसातला एक तास असा ठेवावा की ज्यात त्या संकटाची कोणतीही कामे करायची नाहीत, फोनही नाही. हे ऐकायला सोपे वाटते, पण माझ्या पाहण्यात लोक सर्वांत जास्त इथेच कमी पडतात.

विशिष्ट खुणेने भीती उसळणे हेही या काळात होते. पत्र्यावर पावसाचा आवाज आला की काकू अजून उठून जिन्यात जातात आणि पायऱ्या मोजतात. अशा माणसाला थांबवू नये आणि चिडवूही नये. सोबत जावे, पायरी कोरडी असल्याचे हाताने चाचपून पाहू द्यावे आणि मग बसून श्वास मोजावा. पाऊस पुन्हा पुन्हा येतो आणि पायरी पुन्हा पुन्हा कोरडी निघते, त्यातून मेंदू नवा धडा शिकतो. पावसाळ्यात गाव सोडून जाण्याने तो शिकायचा राहून जातो.

महिना उलटूनही प्रसंग डोळ्यांसमोर जसाच्या तसा उभा राहत असेल, दचकून जाग येत असेल, त्या रस्त्याने जाणेच टाळले जात असेल, किंवा माणसांत बसवत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याची वेळ झाली आहे. जगणे नकोसे वाटत असेल तर महिना मोजत बसू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, तिथे बोलायला पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. डॉक्टरांकडे जाण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: प्रसंग कधी घडला, शरीराची पहिली खूण कोणती, ती आठवड्यातून किती वेळा येते, आणि झोप किती तास लागते. चालू औषधांची चिठ्ठीही सोबत असू द्यावी. खोलीत शिरल्यावर पुन्हा तोंडाला कोरड पडली आणि शब्द सुचेनासे झाले, तर तो कागद नुसता पुढे करावा.